अडकित्त्याला इंग्रजीत काय म्हणतात?

पत्र थोडक्यात असं: चिपळूणजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंनी आठ महिन्यांपूर्वी घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून स्टॉक साइट्सवर, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या संकेतस्थळांवर, विकायला सुरुवात केली. खिडकीचा उजेड, मागे आणि खाली पांढरा कार्डशीट, त्यावर एकेक वस्तू: अडकित्ता, विळी, कोकम, जायफळ, समई, नाचणी, स्टीलचा डबा. आजवर 380 फोटो मंजूर झाले, डाउनलोड झाले 14, हातात आले अडीचशे रुपयांच्या आसपास. त्या 14 पैकी 6 एकट्या नाचणीच्या फोटोचे. मैत्रिणीने सांगितलं होतं, की कीवर्डची (फोटो शोधात सापडावा म्हणून त्यासोबत भरायच्या शब्दांची) एकही जागा मोकळी सोडायची नाही. म्हणून ताईंनी खूप खपलेल्या फोटोंखालचे शब्द उचलून 48 शब्दांची यादी केली आणि तीच सगळीकडे चिकटवली. गेल्या महिन्यात एका साइटने 60 फोटोंचा गठ्ठा 'गैरलागू कीवर्ड' असं कारण देऊन परत पाठवला. यजमान म्हणतात, कॅमेरा जुना झालाय, नवा घेऊ. ताई विचारतात: 'नवा कॅमेरा घ्यावा, की चांगले कीवर्ड कुठूनतरी मिळवावेत, की हा नादच सोडावा?' आणि ता. क. मध्ये: 'मराठी शब्द कीवर्डमध्ये चालतात का?'

प्रिय ताई,

कॅमेरा घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेले चार फोटो मी मोठे करून पाहिले. अडकित्त्याच्या पितळी मुठीवरचा मोर पिसापिसापर्यंत स्वच्छ दिसतो, पात्याच्या लोखंडावरचे काळपट डागही दिसतात. शिवाय 380 फोटो साइट्सनी तपासून मंजूर केलेत, म्हणजे उजेड, फोकस, नॉइज (फोटोत दिसणारे दाणे) यांची परीक्षा तुम्ही पास झाला आहात. लोकांनी फोटो पाहून नाकारलाय असं तुम्ही दोघांनी धरून चाललंय. मला वाटतं, त्यांच्यापर्यंत तो पोचलेलाच नाही.

हे छातीठोकपणे म्हणते, कारण मी काही वर्षं बरोब्बर तुमच्या समोरच्या खुर्चीत बसले आहे. पुण्यात पॅकेजिंग डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात चित्रं शोधण्याचं काम माझ्याकडे असायचं. दुपारी चार वाजता निरोप यायचा: मसाल्याच्या पाकिटासाठी जायफळ पाहिजे, एक अख्खं, एक अर्धं कापलेलं, समोरून घेतलेलं, सावली नको, सहापर्यंत. मग मी टाइप करायचे 'नटमेग होल हाफ आयसोलेटेड' (आयसोलेटेड म्हणजे कोऱ्या पांढऱ्यावर एकटी वस्तू). पहिलं पान बघायचं, दुसरं बघायचं, तिसऱ्यावर जायची वेळ आली की शब्द बदलायचा. इतक्या वर्षांत मी 'ब्यूटिफुल' हा शब्द एकदाही टाइप केला नाही. 'अमेझिंग' नाही, 'नाइस' नाही, 'ऑब्जेक्ट'सुद्धा नाही. आणि तुमच्या अडकित्त्याचं शीर्षक काय आहे? 'ब्यूटिफुल अँटिक इंडियन ट्रॅडिशनल ऑब्जेक्ट आयसोलेटेड'. सहा शब्द, आणि अडकित्ता कुठेच नाही!

पत्रात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की नाचणीच्या फोटोचं नाव सुचेना म्हणून पाकिटावर छापलेलं होतं तेच टाकलं: 'फिंगर मिलेट ग्रेन्स'. पुढे तुमचं तुम्हीच 'हीप, टॉप व्ह्यू, आयसोलेटेड ऑन व्हाइट' जोडलंत. सहा डाउनलोड याच फोटोचे. तुम्ही त्याला नशीब म्हणता. पण 380 मध्ये हा एकच फोटो असा आहे, ज्यावर वस्तूचं खरं नाव, ती कशी ठेवलीय आणि कुठून पाहिलीय हे तिन्ही लिहिलंय. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून या धान्यांच्या पिठांची, बिस्किटांची, लाडवांची पाकिटं किती वाढली ते दुकानात दिसतंच. ती पाकिटं करणारा माणूस 'फिंगर मिलेट' किंवा 'रागी' लिहूनच शोधणार. पहिल्या शब्दाने तुम्ही त्याला सापडलात. शीर्षकात चुकून 'नाचनी' एवढंच असतं तर नसतात सापडल्या.

आता मैत्रिणीचा सल्ला. शटरस्टॉक आणि अलामी 50 कीवर्ड घेतात, ॲडोबी स्टॉक 49. ही वरची मर्यादा आहे, ताटात वाढलेलं सगळं संपवायलाच हवं असा नियम नाही. तुमची 48 शब्दांची यादी मी वाचली. त्यात 'फूड', 'हेल्दी', 'फ्रेश', 'ऑरगॅनिक', 'व्हेजिटेबल', 'किचन', 'बिझनेस', 'सक्सेस' आहेत आणि हे सगळे समईलाही लावलेत. ही शुद्ध खोगीरभरती. हेल्दी समई शोधणारा कोण असेल, सांगा बरं? गठ्ठा परत आला तो याच कारणाने, आणि साइटचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुम्हाला ते लागलंय हे पत्रावरून कळतं, पण फोटोंना कुणी नावं ठेवलेली नाहीत, यादीला ठेवलीत. शिवाय ते शब्द दुसऱ्यांच्या फोटोंखालचे उचललेले आहेत. त्यांचा फोटो कशामुळे खपला हे त्या यादीत लिहिलेलं नसतं.

एखादा शब्द ठेवावा की काढावा असा प्रश्न पडला, की मी एकच विचारते: हा शब्द टाइप करणाऱ्याला हा फोटो दिसला तर तो चिडेल का? 'डेडलाइन' शोधणाऱ्याला गजराचं घड्याळ दिसलं तर तो चिडणार नाही, उलट तेच हवं असेल. रिकाम्या स्टीलच्या ताटाला 'हंगर' चालेल, 'फास्टिंग' चालेल. वाळवलेल्या कोकमाला 'बटर' चालणार नाही, कारण कोकम बटर शोधणाऱ्या साबणवाल्याला पांढरट वडी हवी आहे, तुमची काळी-लाल सालं नाहीत.

तर आता अडकित्त्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

तुमच्या कीवर्डमध्ये 'नटक्रॅकर' आहे. शब्दकोशात बघितलंत तर चूक नाही. पण अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या माणसाला त्या शब्दाने अक्रोड फोडायचा चिमटा आठवतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तर लाल डगल्यातला, जबडा हलवणारा लाकडी शिपाई. तुमचा मोर त्या शिपायांच्या पलटणीत उभा आहे, कुणाला दिसणार? दुसरा शब्द तुम्ही लिहिलाय 'बीटल नट कटर', पण स्पेलिंगमध्ये बी नंतर दोन ई आणि मग टी-एल-ई. ताई, तो किडा झाला! सुपारीचं स्पेलिंग बी-ई-टी-ई-एल. साइटची शोधयंत्रं थोड्याफार चुका सांभाळून घेतात, पण किड्याचा 'बीटल' हा दुसरा धडधडीत शब्द असल्यामुळे इथे ती तुमची बाजू का घेतील?

आणखी थोडं खोलात. इंग्रजांनी सुपारीला 'बीटल नट' म्हटलं खरं, पण हे बी-ई-टी-ई-एल म्हणजे विड्याचं पान, त्याचा वेल वेगळा. सुपारी 'अरेका' या झाडाची. वनस्पतीशास्त्राशी किंवा आरोग्याशी संबंधित पुस्तक करणारा 'अरेका नट' असंच शोधतो. म्हणून 'बीटल नट कटर' आणि 'अरेका नट कटर' दोन्ही हवेत. हिंदीत सरौता म्हणतात, तो शब्द रोमन लिपीत हवा. मलेशिया-इंडोनेशियाकडे पान खाण्याची जुनी रीत आहे, तिकडे हीच वस्तू 'कचिप' म्हणून ओळखतात, आणि जुन्या वस्तूंच्या लिलावांत दोन्हीकडचे अडकित्ते शेजारी शेजारी असतात. तुमच्या अडकित्त्यावरचा मोर भारतीय वळणाचा आहे, तेव्हा कचिप हा शब्द कीवर्डांत शेवटी असला तर चालेल, शीर्षकात मात्र नको. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. कधी गेलात तर प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी वाचा: वस्तू काय, धातू कोणता, कुठली. उत्तम शीर्षक असंच असतं.

मी असं लिहीन: 'अँटिक इंडियन बीटल नट कटर विथ ब्रास पीकॉक हँडल, क्लोज्ड, साइड व्ह्यू, आयसोलेटेड ऑन व्हाइट'. सगळ्यात वजनदार शब्द पुढे हवेत, म्हणून 'अँटिक इंडियन'च्याही आधी 'बीटल नट कटर' आणलंत तरी हरकत नाही. शटरस्टॉकवर शीर्षकाला 200 अक्षरं मिळतात. ॲडोबी 70च्या आत आटोपा म्हणतं, तर तिथे 'क्लोज्ड' आणि 'साइड व्ह्यू' कीवर्डांत टाका. आणि 'अँटिक' तेव्हाच, जेव्हा वस्तू खरोखर जुनी असेल. तुमची आजेसासूबाईंची आहे म्हणालात, म्हणून ठेवला. परवा जत्रेत घेतलेल्याला 'व्हिंटेज स्टाइल' म्हणा.

विळीचंही असंच. 'ट्रॅडिशनल नाइफ' लिहिलंय तुम्ही. बंगालीत तिला 'बोटी' म्हणतात आणि त्या नावाने ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तुमच्या विळीला पुढे खोवणी आहे, म्हणजे तिला 'कोकोनट स्क्रेपर' आणि 'कोकोनट ग्रेटर' हे दोन शब्द पहिल्या पाचांत हवेत. खोवणी जिथे ठळक दिसते तो फोटो त्या नावाने, आणि पातं ठळक दिसतं तो 'फ्लोअर नाइफ' म्हणून. वस्तू एकच असली तरी दोन फोटोंना दोन गिऱ्हाइकं असू शकतात. 48 शब्दांची एकच चिठ्ठी सगळ्यांना चिकटवली की नेमकं हेच बुडतं.

पार्श्वभूमी नसलेल्या फोटोची एक अडचण लक्षात घ्या. समुद्रकिनाऱ्याच्या फोटोत संध्याकाळ असते, माणसं असतात, ओळखायला दहा गोष्टी असतात. पांढऱ्यावरच्या जायफळात जायफळच असतं. म्हणून इथे गिऱ्हाईक बारीक बारीक गोष्टींवरून निवडतो. एक की अनेक, ढीग की रांग, अख्खं की कापलेलं, सोललेलं की सालासकट, ओलं की वाळलेलं, डबा उघडा की बंद, रिकामा की भरलेला, वरून की बाजूने, सावली आहे की नाही. हे सगळं तुम्हाला फोटोत डोळ्यांनी दिसतं, ते शोधायला कुठे जावं लागत नाही. 'चांगले कीवर्ड कुठून मिळवू' असं विचारलंत ना? काखेत कळसा आहे तुमच्या. जायफळाच्या अंगावर लाल जायपत्री असलेला तुमचा एक फोटो आहे. त्यावर 'मेस' हा जायपत्रीचा इंग्रजी शब्दच नाही! बाजारातून फोडलेलं जायफळ आणून फोटो काढणाऱ्यांना तो कधी मिळणार नाही, तुमच्या परसात झाड आहे.

'आयसोलेटेड' हा शब्द म्हणजे वचन आहे, असं समजा. गिऱ्हाईक तो फोटो उचलून स्वतःच्या पाकिटावर ठेवणार असतो. कार्डशीट कोपऱ्यात राखाडी पडला असेल तर ठेवल्याठेवल्या चौकट दिसते. तुमच्या समईच्या फोटोत डाव्या बाजूला तशी छटा आहे. पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग 255, तेवढा करून घ्या, नाहीतर तो शब्द काढा. लाकडी पाटावर ठेवलेल्या डब्याला 'आयसोलेटेड' म्हणू नका. 'ट्रान्स्परंट बॅकग्राउंड' हा शब्द जेपीईजी फायलीवर कधीच नको, त्या प्रकारात पारदर्शकता नसतेच. 'क्लिपिंग पाथ' (वस्तू कापून काढायला फायलीत आखलेली तिची कड) लिहायचं तर फायलीत खरंच तो हवा. नाहीतर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. उलट एक चांगला शब्द तुमच्याकडे नाही: 'कट आउट'. ब्रिटनमधले बरेच डिझायनर आयसोलेटेड न म्हणता तेच म्हणतात.

इंग्रजीचा आणखी एक खड्डा आहे, त्यात आपण सगळेच पडतो. आपण शाळेत शिकलो ते इंग्रजी भारतात चालतं, पण गिऱ्हाईक बऱ्याचदा बाहेरचा असतो. तुमच्या शेवग्याच्या शेंगा 'ड्रमस्टिक' नावाने पडल्या आहेत. बाहेर त्याचा अर्थ कोंबडीची तंगडी किंवा ढोल वाजवायच्या काठ्या. 'मोरिंगा पॉड्स' पुढे आणा. वांगं आपलं ब्रिंजल, अमेरिकेत एगप्लांट, ब्रिटनमध्ये ओबर्जीन. भेंडी म्हणजे ओक्रा. शेंगदाणे ग्राउंडनट नव्हे, पीनट. टॉर्च अमेरिकेत फ्लॅशलाइट. खोडरबराला नुसतं 'रबर' म्हणाल तर अमेरिकन माणूस भलताच अर्थ घेईल, 'इरेझर' लिहा. भारतीय शब्द काढून टाकू नका, आपल्याकडचे गिऱ्हाईकही असतातच. दोन्ही ठेवा. फक्त ब्रँडची नावं कुठल्याच जागी नकोत. फेविकॉल आपल्याला गोंदच वाटतो, पण ते कंपनीचं नाव आहे. तुमच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर कोरलेलं चिन्हही पुसून घ्या.

क्रमाचं थोडक्यात सांगते. ॲडोबी स्टॉक उघड सांगतं, की पहिले दहा कीवर्ड सर्वांत महत्त्वाचे. अलामीवर पन्नासांतले दहा 'सुपरटॅग', म्हणजे जास्त महत्त्वाचे शब्द, म्हणून निवडता येतात. तुम्ही लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द भरता असं लिहिलंय. तिथे एक खोड आहे: ते कीवर्ड इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लावतं. म्हणजे 'अँटिक' आणि 'बॅकग्राउंड' आधी, 'कोकोनट' नंतर, 'स्क्रेपर' तर पार खाली. फाइल चढवल्यावर साइटवर जाऊन पहिले दहा हाताने ओढून वर आणायचे. कंटाळवाणं आहे, मान्य. तरी शब्द फायलीतच भरणं सोडू नका, सगळ्या साइट्स ते वाचतात आणि काम एकदाच होतं. फक्त फाइल व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून इकडून तिकडे पाठवू नका, वाटेत ते शब्द गळून पडतात.

आणि साइट्स आपोआप कीवर्ड सुचवतात ना, त्यावर विसंबू नका. मी एकदा अडकित्ता चढवून पाहिला होता, यंत्राने 'पक्कड', 'कात्री' आणि 'शस्त्र' सुचवलं. सफरचंद त्याला ओळखू येतं. पण सफरचंद तुम्ही काढूच नका. ही गोष्ट मला स्पष्ट सांगायला हवी: तुमच्या 380 मध्ये टोमॅटो, लिंबू, सफरचंद, पेन्सिल असे दीडेकशे फोटो आहेत. त्यांचे कीवर्ड सोन्याने मढवले तरी फरक पडणार नाही. एखाद्या साइटवर 'ॲपल आयसोलेटेड' टाकून निकालांचा आकडा बघा, मग 'बीटल नट कटर' टाकून बघा. जिथे आकडा लहान आणि तुम्हाला वस्तूचं नाव-गाव माहीत, तिथे तुमचं शेत.

कोल्हापुरी चपलांचा फोटो तुम्ही 'ब्राउन लेदर सँडल्स' म्हणून टाकलाय, त्याचंही वाईट वाटलं. 2019 पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला नुसत्या 'लेदर सँडल्स' म्हणून दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्या दिवसांत ज्याला बातमीसाठी चित्र हवं होतं त्याने 'कोल्हापुरी' हाच शब्द टाकला असणार. तुमच्या चपला कोल्हापुरातून घेतलेल्या, कातडी तळाच्या आहेत असं लिहिलंत, मग नाव का लपवायचं?

आता काय करायचं. 380 फोटो पुन्हा करायला बसू नका, वीट येईल. तीस निवडा: अडकित्ता, विळी, कोकम, जायपत्री, समई, शेवगा, चपला. बहुतेक साइट्सवर मंजूर फोटोचेही शब्द बदलता येतात. रोज तीन केले तर दहा दिवसांचं काम. प्रत्येकाला वीस ते तीस खरे शब्द पुरे. बाकीच्यांना हात लावू नका, आणि तीन-चार महिन्यांनी दोन्ही ढिगांचे डाउनलोड ताडून बघा. परत आलेले 60 लगेच तसेच पुन्हा पाठवू नका. आधी एकच फोटो नीट करून पाठवा.

नाद सोडावा का, याचं उत्तर त्या आकड्यांवर ठरवा, आणि पैशांबद्दल भ्रम नको. शटरस्टॉकने 2020 मध्ये दर बदलल्यापासून कमाईच्या सुरुवातीच्या पायरीवर विक्रीचे 15 टक्के मिळतात, आणि पायरी दर जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून. एका डाउनलोडला कधी कधी दहा सेंट. घर यावर चालत नाही. यजमानांना म्हणावं, कॅमेऱ्याचे पैसे तुमच्या फोटोंनी कमावले की घेऊ. तोवर दोन चांगले कार्डशीट आणि डाव्या बाजूला एक थर्माकोलची पाटी, समईची ती राखाडी छटा तेवढ्याने जाईल.

ता. क. चं उत्तर: हो, मराठी शब्द चालतात, पण रोमन लिपीत, आणि कोणी ते कसं लिहील याचा अंदाज घेऊन. अडकित्ता कोणी एक टी घालून लिहितं, कोणी दोन, कोणी ड नंतर ए घालतं. दोन रूपं टाका, पाच नकोत. कोकम 'के-ओ-के-यू-एम' असंच जास्त दिसतं, तेव्हा तेच पुढे आणि आमसूल मागे. लंडन-न्यू जर्सीतला एखादा मराठी माणूस दिवाळी अंकाचं पान लावताना 'अडकित्ता' शोधेलही. त्याच्यासाठी तो शब्द विसाव्या जागेवर असला तरी पुरे.